दाणेदार उजेडाचा बंदोबस्त

भोसरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात धातूचं जे काही काम होतं, ते शेवटी कुणाला तरी मोजावं लागतं. व्हर्निअर, मायक्रोमीटर, डायल, एअर गेज, सीएमएम ही साधनं इथल्या क्वालिटीवाल्यांच्या रोजच्या हाताखालची. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स सुरू झाली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, पुढे टेल्को आणि बजाज ऑटोच्या मागोमाग सुटे भाग बनवणारे कारखाने आले, आणि २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचं उत्पादन सुरू झालं. या सगळ्या काळात मोजमापाचं कामही हातातल्या गेजकडून हळूहळू कॅमेऱ्याकडे सरकत गेलं. वाहन उद्योगात आता वेल्डिंगचा रोबो जोडाची जागा लेसरच्या रेघेवरून शोधतो, आणि दरवाजा व बॉडी यांच्यातली फटही अशाच रेघेनं तपासली जाते.

या मोजणीची पद्धत सोपी आहे. लेसरची बारीक रेघ जॉबवर टाकायची, कॅमेऱ्यानं ती तिरकस कोनातून बघायची, आणि रेघ जिथे जितकी सरकलेली दिसेल तितका तिथला पृष्ठभाग वर किंवा खाली आहे असं गणितानं काढायचं. अडचण अशी, की कॅमेऱ्याला रेघ सलग दिसतच नाही. ती दाणेदार दिसते. काही ठिपके झगझगीत, काही ठार काळे, कडा कुरतडल्यासारख्या. या दाण्यांना स्पेकल म्हणतात. त्यांच्यामुळे मोजमाप काही मायक्रॉननी इकडेतिकडे होतं, चांगला जॉब रिजेक्शनच्या ट्रेमध्ये जातो, सेटर मशिनची ऑफसेट बदलतो, आणि जी चूक धातूत नव्हतीच ती पुढच्या जॉबमध्ये खरोखर शिरते. म्हणून लेसरनं मोजणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट नीट कळली पाहिजे असं मला मनापासून वाटतं: आकड्यातली कुठली हालचाल जॉबची आहे आणि कुठली उजेडाची.

घरच्या भिंतीवर बघता येणारा प्रयोग

स्पेकल बघायला प्रयोगशाळा लागत नाही. १ मिलिवॉटपेक्षा कमी शक्तीचा साधा लेसर पॉइंटर घ्या आणि त्याचा ठिपका पांढऱ्या, न चकाकणाऱ्या भिंतीवर पाडा. किरण थेट डोळ्यात किंवा आरशावर जाऊ देऊ नका. दोन-तीन मीटरवरून ठिपक्याकडे बघितलं की तो रव्यासारखा दाणेदार दिसतो. डोकं हळूच डावी-उजवीकडे हलवलं की दाणेही सरकतात. ज्यांना लांबचं कमी दिसतं, त्यांना चष्मा काढल्यावर दाणे डोक्याच्या उलट दिशेनं सरकताना दिसतात. दूरदृष्टीदोष असलेल्यांना ते डोक्याच्याच दिशेनं जाताना दिसतात.

आता कागदाला टाचणीनं भोक पाडा आणि त्यातून तोच ठिपका बघा. दाणे एकदम मोठे होतात. भिंत तीच, लेसर तोच, बदललं ते फक्त उजेड डोळ्यात शिरण्याचं छिद्र. म्हणजे दाण्यांचा आकार भिंतीवर ठरत नाही, बघणाऱ्याच्या भिंगावर ठरतो. पुढे कॅमेऱ्याची लेन्स निवडताना हीच गोष्ट कामी येते.

दाणे येतात कुठून

तांबड्या लेसरची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर, म्हणजे ०.६५ मायक्रॉनच्या आसपास असते. मशिनिंग केलेल्या पृष्ठभागाच्या ड्रॉइंगवर आरए १.६ लिहिलेलं असेल, तर तिथले चढउतार सरासरीनं १.६ मायक्रॉनचे आहेत. उजेड खाली जाऊन परत येतो, त्यामुळे वाटेतला फरक दुप्पट, ३.२ मायक्रॉन होतो. ही झाली जवळजवळ पाच तरंगलांब्या. डोळ्याला गुळगुळीत दिसणारा हा पृष्ठभाग प्रकाशाच्या लाटेच्या मानानं डोंगरदऱ्यांचा प्रदेश आहे. ग्राइंडिंग करून आरए ०.४ वर आणलं तरी जाण्या-येण्यातला फरक ०.८ मायक्रॉन, एका तरंगलांबीहून अधिकच. लॅपिंग केलेल्या स्लिप गेजसारखे मायक्रॉनच्या एक-दोन शतांशांतले पृष्ठभाग सोडले, तर कारखान्यातला जवळपास प्रत्येक जॉब लेसरच्या दृष्टीनं खडबडीतच.

कॅमेऱ्याच्या एका बिंदूवर अशा पृष्ठभागाच्या असंख्य सूक्ष्म तुकड्यांकडून आलेल्या लाटा एकत्र येतात. कुणी चढावर असते, कुणी उतारावर. साध्या दिव्याच्या उजेडात ही नाती क्षणाक्षणाला बदलतात, म्हणून सरासरीनं सगळीकडे सारखाच उजेड पडतो. लेसरचा प्रकाश सुसंगत असतो. लाटांची आपसातली नाती टिकून राहतात. त्यामुळे एका जागी त्या एकमेकींना उचलून धरतात आणि शेजारच्या जागी एकमेकींना पुसून टाकतात. हे व्यतिकरण कॅमेऱ्यात गोठून दिसतं, तेच दाणे.

डोळे बांधलेल्या माणसाला सांगितलं, की प्रत्येक पाऊल मनाला येईल त्या दिशेला टाक, तर शंभर पावलांनंतर तो शंभर पावलं लांब गेलेला नसतो आणि बहुधा जागेवरही नसतो. तो साधारण दहा पावलांच्या अंतरात कुठेतरी सापडतो, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या जागी. लाटांची बेरीजही अशीच होते. लॉर्ड रॅले यांनी १८८० मध्ये ध्वनीच्या संदर्भात, एकाच सुरातल्या पण वाटेल त्या क्षणी सुरू झालेल्या अनेक कंपनांची बेरीज कशी होते याचं गणित मांडलं. तेच गणित लेसरला लागू पडतं. पूर्ण विकसित स्पेकलमध्ये दर शंभर जागांपैकी नऊ-दहा जागी सरासरीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी उजेड असतो, आणि पाचेक जागी सरासरीच्या तिपटीहून जास्त.

या दाण्यांचा अभ्यास लेसरच्या आधीपासून आपल्याकडे झालेला आहे. सी. व्ही. रामन यांनी १९१९ मध्ये डोळ्यातच होणाऱ्या प्रकाशाच्या विखुरण्याचा विचार करताना अशा चित्रांची दखल घेतली होती, आणि जी. एन. रामचंद्रन यांनी १९४३ मध्ये प्रकाशाच्या कड्यांमधल्या तीव्रतेच्या चढउतारांचा अभ्यास केला. १९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर चालवून दाखवला आणि लगेचच्या वर्षांत लेसर वापरणाऱ्या सगळ्यांनाच हे दाणे दिसू लागले.

किती मोठे आणि किती गडद

स्पेकलचा विचार दोन आकड्यांत करायचा असतो. पहिला दाण्याचा आकार. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर तो ढोबळमानानं तरंगलांबी, लेन्सचा एफ क्रमांक आणि एक अधिक वर्धन या तिघांच्या गुणाकाराइतका असतो. तांबडा लेसर, एफ ८ चं छिद्र आणि निम्म्या आकाराची प्रतिमा धरली, तर ०.६५ गुणिले ८ गुणिले १.५, म्हणजे साधारण ८ मायक्रॉन. औद्योगिक कॅमेऱ्यांच्या एका प्रचलित सेन्सरचा पिक्सेल ३.४५ मायक्रॉनचा आहे. म्हणजे एक दाणा दोन पिक्सेलहून मोठा, आणि कॅमेरा प्रत्येक दाणा इमानदारीनं टिपणार.

दुसरा आकडा कॉन्ट्रास्ट. उजेडाचा चढउतार भागिले सरासरी उजेड. पूर्ण विकसित स्पेकलमध्ये हा आकडा १, म्हणजे शंभर टक्के. उजेड वाढवला तर चढउतारही त्याच प्रमाणात वाढतो. म्हणून लेसरची शक्ती वाढवून स्पेकल कमी होत नाही, हे पहिल्यांदाच मनात पक्कं करून ठेवावं.

मोजमापात होणारं नुकसान

रेघेची जागा काढताना सॉफ्टवेअर तिच्या रुंदीतल्या उजेडाचा मध्य शोधतं. रुंदीत डावीकडे मोठा तेजस्वी दाणा पडला तर मध्य डावीकडे ओढला जातो, आणि उंचीचा आकडा चुकतो. डॉर्श, हॉइसलर आणि हेर्मान या संशोधकांनी १९९४ मध्ये दाखवलं, की या चुकीला प्रकाशानंच घालून दिलेली एक खालची मर्यादा आहे. ती कॉन्ट्रास्ट आणि तरंगलांबी यांच्या प्रमाणात वाढते. लेन्सचं छिद्र आणि लेसर-कॅमेऱ्यातला कोन मोठा केला की घटते.

एक उदाहरण करून बघू. जॉबपासून २०० मिलिमीटरवर १० मिलिमीटर छिद्राची लेन्स आहे, लेसर आणि कॅमेरा यांच्यात ३० अंशांचा कोन आहे, लेसर तांबडा आहे. या मांडणीत एकेका बिंदूच्या उंचीतली अनिश्चितता साधारण ८ मायक्रॉन येते. कॅमेरा कितीही महागडा घेतला तरी हा आकडा हलत नाही. ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा लेसर लावला तर तो ५ मायक्रॉनवर येतो. निळ्या रेघेचे स्कॅनर बाजारात येण्यामागे हेही एक कारण आहे.

हे ८ मायक्रॉन फार की थोडे, हे काम बघून ठरवावं. कारचा दरवाजा आणि बॉडी यांच्यातली फट मिलिमीटरच्या दशांशात मोजतात. तिथे ८ मायक्रॉन कुणाच्या खिजगणतीत नाहीत, आणि स्पेकलवर खर्च करणं म्हणजे पैसे वाया घालवणं. पण ४० मिलिमीटर व्यासाच्या शाफ्टला एच ६ टॉलरन्स दिलेला असेल, तर सगळी सूट १६ मायक्रॉनची आहे. तिथे ८ मायक्रॉनची रेघ न्यायनिवाडा करू शकत नाही. अशा ठिकाणी एअर गेज किंवा स्पर्शानं मोजणारं साधन हेच योग्य, आणि लेसरच हवा असेल तर आधी स्पेकल आटोक्यात आणायला हवा.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. जॉब फिक्स्चरमध्ये घट्ट आहे, लेसर आणि कॅमेरा जागचे हललेले नाहीत, अशा वेळी लागोपाठ दहा रीडिंग घेतली तर ती एकमेकांशी छान जुळतात. रिपीटेबिलिटी उत्तम आली म्हणून सगळे समाधानी होतात. पण दाणे गोठलेले असल्यामुळे दहाही वेळा तीच चूक मोजली गेलेली असते. शंभर फ्रेमची सरासरी काढली तरी फायदा शून्य, कारण शंभर फ्रेम म्हणजे एकाच चित्राच्या शंभर प्रती. जॉब पृष्ठभागाच्या दिशेनं मिलिमीटरचा दशांश भाग सरकवा आणि पुन्हा मोजा. दाणे बदलतात, आकडा उडी मारतो.

यावरून एक साधी तपासणी करता येते. नीट ग्राइंडिंग केलेली सपाट पट्टी रेघेखाली ठेवा. न हलवता रीडिंग घ्या, मग थोडी थोडी सरकवत घ्या. न हलवता येणारा फरक कॅमेऱ्याचा आणि इलेक्ट्रॉनिक्सचा. सरकवल्यावर त्याच्या वर जो फरक येतो, त्यातला पट्टीचा आणि फिक्स्चरचा ठाऊक असलेला वाटा वजा केला, की जो उरतो त्यात मुख्य हिस्सा स्पेकलचा. जॉबवर बोट ठेवण्याआधी ही तपासणी झालीच पाहिजे.

मूळ उपाय एकच: वेगवेगळी दाणेदार चित्रं एकावर एक

स्पेकल कमी करण्याच्या बहुतेक पद्धतींचं मूळ एकच आहे. एकमेकांशी संबंध नसलेली अनेक दाणेदार चित्रं तयार करायची आणि त्यांचा उजेड एकत्र करायचा. एका चित्रात जिथे काळा ठिपका आहे तिथे दुसऱ्यात उजळ ठिपका असतो, आणि बेरजेत चढउतार भरून निघतात. कॉन्ट्रास्ट चित्रांच्या संख्येच्या वर्गमुळानं घटतो. ४ चित्रांनी निम्मा, २५ चित्रांनी २० टक्के, १०० चित्रांनी १० टक्के. पडद्यावर बघणाऱ्याला दाणे जवळपास जाणवू नयेत म्हणून साधारण ४ टक्क्यांचं लक्ष्य धरतात. त्याला ६२५ चित्रं लागतात. सुरुवातीचा लाभ झटपट मिळतो आणि नंतरचा प्रत्येक टक्का महाग पडत जातो. वेगळी चित्रं मिळवायचे मार्ग अनेक आहेत, आणि प्रत्येकाची काही ना काही किंमत आहे.

*छिद्र मोठं करणं.* एफ ८ ऐवजी एफ २.८ ठेवलं तर वरच्या उदाहरणातला दाणा २.७ मायक्रॉनचा होतो, पिक्सेलपेक्षा लहान. एका पिक्सेलमध्ये एकाहून जास्त दाणे मावतात आणि सरासरी तिथल्या तिथे होते. शिवाय मोठ्या छिद्रामुळे ८ मायक्रॉनची ती मर्यादाही खाली येते. किंमत मोजायची ती फोकसच्या खोलीची. उंचसखल कास्टिंगचा वरचा भाग स्पष्ट दिसला तर तळ धूसर होतो. सपाट जॉबला हा उपाय फुकटात मिळाल्यासारखा आहे, खोल जॉबला तो चालत नाही.

*उजेडाची दिशा बदलत राहणं.* लेसरच्या वाटेत घासलेली दुधी काच ठेवून ती फिरवली की जॉबवर येणाऱ्या लाटांची नाती सतत बदलतात आणि कॅमेऱ्याच्या एका एक्स्पोजरमध्ये अनेक चित्रं मिसळतात. काचेवरचे कण १० मायक्रॉनचे असतील आणि १ मिलिसेकंदाच्या एक्स्पोजरमध्ये १०० वेगळी चित्रं हवी असतील, तर तेवढ्या वेळात काच १ मिलिमीटर सरकली पाहिजे. म्हणजे वेग सेकंदाला १ मीटर. किरण चकतीच्या मध्यापासून ३० मिलिमीटरवर पडत असेल, तर चकती मिनिटाला सुमारे ३२० फेरे फिरवावी लागेल. साधी मोटर हे सहज करते. एक्स्पोजर दहापट कमी केलं की फेरे दहापट वाढवावे लागतात, आणि मग मोटरची थरथर आणि बेअरिंगची झीज हे नवे प्रश्न उभे राहतात.

इथे एक अट विसरली जाते. जॉबवरून बघितलं तर उजेड जितक्या रुंद कोनातून येतो, तो कोन कॅमेऱ्याच्या लेन्सच्या कोनाहून बराच मोठा असला पाहिजे. उजेडाचा झोत अरुंद असेल तर काच कितीही जोरात फिरवा, कॅमेऱ्याला वेगळी चित्रं मिळतच नाहीत. आणि झोत रुंद केला की लेसरची रेघ तितकी बारीक राहत नाही. म्हणून पूर्ण क्षेत्र उजळणाऱ्या प्रतिमांसाठी फिरती काच उत्तम, बारीक रेघेच्या मोजणीला ती जपून वापरायची. न फिरवता तोच परिणाम साधायचा, तर वेगवेगळ्या कोनांतून उजेड टाकणारे अनेक लेसर किंवा अनेक प्रकाशतंतू वापरता येतात. २०१२ मध्ये येल विद्यापीठातल्या हुई काओ यांच्या गटानं ‘रँडम लेसर’ वापरून जवळपास दाणेविरहित प्रतिमा घेतल्या. त्या लेसरमधून एकाच वेळी असंख्य स्वतंत्र झोत बाहेर पडतात.

*तरंगलांबीचा पट्टा रुंद करणं.* उजेडात जितक्या जास्त तरंगलांब्या, तितकं कमी अंतर त्या लाटा सुसंगत राहतात. ६५० नॅनोमीटरच्या आसपास २० नॅनोमीटर रुंदीचा उजेड घेतला तर ते अंतर जेमतेम २१ मायक्रॉन होतं. हा उपाय लागू पडायला मात्र पृष्ठभागाचा खडबडीतपणा त्या अंतराच्या तोडीचा लागतो. सँड कास्टिंगवर चढउतार दहा-वीस मायक्रॉनचे आणि त्याहून मोठे असतात. तिथे चांगला फरक पडतो. आरए १.६ च्या मशिन केलेल्या पृष्ठभागावर जाण्या-येण्यातला फरकच ३ मायक्रॉनचा, तिथे २० नॅनोमीटरची रुंदी जवळपास काहीच करत नाही. एकाच कारखान्यात कास्टिंगवर छान चाललेला स्रोत मशिन शॉपमध्ये निरुपयोगी ठरतो, त्याचं कारण हे. एलईडीत स्पेकल कमी असतो तो मात्र फक्त रुंद पट्ट्यामुळे नाही, तिची प्रकाश देणारी मोठी जागाही त्याला कारणीभूत आहे. त्या जागेच्या प्रत्येक भागातून निघालेला उजेड शेजारच्याशी नातं ठेवत नाही.

*ध्रुवीकरण.* काटकोनातल्या दोन ध्रुवीकरणांचा उजेड दोन वेगळी चित्रं देतो, म्हणजे कॉन्ट्रास्ट सुमारे ७० टक्क्यांवर येतो. लाभ छोटा, पण इतर उपायांसोबत जोडता येतो. रंगवलेला पृष्ठभाग ध्रुवीकरण विस्कटतो, म्हणून तिथे हा उपाय अधिक फळतो. उघड्या धातूवर कमी.

*जॉबच हलवणं.* लाइनवर पुढे सरकणारा जॉब एक्स्पोजरच्या काळात दाणे आपोआप बदलतो. सेकंदाला २०० मिलिमीटर वेग आणि १ मिलिसेकंद एक्स्पोजर धरलं तर जॉब ०.२ मिलिमीटर सरकतो. त्या दिशेनं दाणे पुसले जातात, आणि त्याच दिशेतला ०.२ मिलिमीटरहून बारीक तपशीलही जातो.

चकाकणाऱ्या जॉबवर स्कॅनिंगचा पांढरा स्प्रे मारायची पद्धत आहे. त्यानं चकाकी जाते, हे खरं. स्पेकल मात्र जात नाही. स्प्रेचा थर स्वतःच बारीक कणांचा आणि खडबडीत असतो. वर त्याच्या जाडीचे काही मायक्रॉन मोजमापात मिसळतात.

सॉफ्टवेअरवर किती भिस्त ठेवावी

चित्र काढून झाल्यावर संगणकानं दाणे घासून काढता येतात, आणि त्यासाठी चांगल्या पद्धती आहेत. कॅमेऱ्याचा नेहमीचा नॉइज उजेडात मिसळलेला असतो. स्पेकल उजेडाला गुणलेला असतो. उजळ भागात तो जास्त, अंधाऱ्या भागात कमी. म्हणून साधे फिल्टर इथे कमी पडतात. काही पद्धती आधी चित्राचा लॉगॅरिदम घेतात, म्हणजे गुणाकाराची बेरीज होते, आणि मग फिल्टर लावतात. जोंग-सेन ली यांनी १९८० मध्ये सुचवलेला फिल्टर प्रत्येक छोट्या चौकोनातला चढउतार तपासतो. तो स्पेकलमुळे अपेक्षित असेल तेवढाच असला तर तिथे सरासरी काढतो. त्याहून जास्त असला तर तिथे खरी कड आहे असं मानून चित्राला हात लावत नाही. उपग्रहांच्या रडार प्रतिमांतही हेच दाणे असतात, आणि इस्रोच्या २०१२ मधल्या रिसॅट-१ सारख्या रडार उपग्रहांची चित्रं वापरणाऱ्यांना हे फिल्टर परिचयाचे आहेत. सोनोग्राफीच्या पडद्यावरचा दाणेदारपणाही याच कुळातला.

पण कारखान्यात फिल्टरला मर्यादा घालून दिली पाहिजे. दाणा आणि बर यांचा आकार सारखा असेल तर फिल्टरला त्यांतला फरक कळायला मार्ग नाही. चित्र गुळगुळीत दिसतं आणि त्यासोबत कडेवरची बारीक बर, पोरॉसिटीचं भोक किंवा केसासारखी चीरही पुसली जाते. उजेडात जी माहिती आलीच नाही ती गणितानं निर्माण होत नाही. म्हणून आधी प्रकाश सुधारायचा, मग लेन्स, आणि फिल्टर सगळ्यात शेवटी. तोही ठाऊक असलेले दोष असलेल्या जॉबवर पडताळून.

होलोग्राफीतली अवघड गाठ

डेनिस गाबोर यांनी होलोग्राफीची कल्पना १९४७-४८ मध्ये मांडली, आणि १९७१ चं नोबेल पारितोषिक त्यांना तिच्यासाठी मिळालं. १९७० मध्ये त्यांनी स्पेकल आणि त्याचं निर्मूलन यावर स्वतंत्र लेख लिहिला, कारण होलोग्राफीचा सर्वांत मोठा शत्रू त्यांच्या मते हाच होता. अडचण मुळातच आहे. होलोग्राम म्हणजे वस्तूवरून आलेली लाट आणि थेट आलेली संदर्भ लाट यांच्या व्यतिकरणाची नोंद. सुसंगती घालवली तर होलोग्रामच बनत नाही, ठेवली तर दाणे येतात. स्पेअर पार्टच्या डब्यांवर जे चकाकते होलोग्राम असतात ते पांढऱ्या उजेडात बघण्यासाठी बनवलेले असतात, म्हणून त्यांत हे दाणे आपल्याला दिसत नाहीत. मोजमापाच्या होलोग्राफीला ती सवलत नाही.

डिजिटल होलोग्राफीत नोंद कॅमेऱ्याच्या सेन्सरवर होते आणि वस्तूची लाट संगणकात पुन्हा उभी केली जाते. इथला मार्ग असा: उजेडाचा कोन किंवा तरंगलांबी प्रत्येक वेळी थोडी बदलून एकापाठोपाठ अनेक होलोग्राम घ्यायचे, प्रत्येकातून प्रतिमा उभी करायची आणि प्रतिमांच्या उजेडाची सरासरी काढायची. १६ होलोग्रामनी कॉन्ट्रास्ट २५ टक्क्यांवर येतो. बेरीज उजेडाचीच करायची. लाटांचीच बेरीज केली तर वाटेल त्या दिशांची आणखी पावलं जोडली जातात, आणि निघतं ते पुन्हा पूर्ण दाणेदार चित्र.

वस्तू किती वाकली किंवा थरथरली हे मोजायचं असेल, तर लाटेची कला, म्हणजे ती चढउतारात नेमकी कुठे आहे तो कोन लागतो. हा कोन ० ते ३६० अंशांत फिरतो. शेजारच्या दोन पिक्सेलमध्ये ३५९ आणि १ अंश असतील, तर खरा फरक २ अंशांचाच आहे. पण सरळ सरासरी काढली तर १८० येतात, अगदी विरुद्ध दिशा. म्हणून कोनांची सरासरी कधीच काढत नाहीत. प्रत्येक कोनाचं साइन आणि कोसाइन घ्यायचं, त्यांची वेगवेगळी सरासरी काढायची, आणि त्या दोन सरासऱ्यांवरून कोन परत मिळवायचा. हे दोन-तीन वेळा केलं की कलेच्या नकाशातले पट्टे स्वच्छ होतात आणि ३६० वरून ० वर येणारी कड शाबूत राहते.

औद्योगिक पट्ट्यात एक अडथळा वरचेवर येतो: जमीन हलते. शेजारी प्रेस चालू असेल तर एक्स्पोजरच्या काळात वस्तू तरंगलांबीच्या अंशानंही हलता कामा नये, ही अट पाळणं कठीण जातं. नॅनोसेकंदांच्या स्पंदाचा लेसर वापरला तर एकेक होलोग्राम सुटतो. अनेक होलोग्रामच्या मालिकेला मात्र कंपन शोषणारं टेबल आणि शांत वेळ लागतेच. तेवढं शक्य नसेल तर एकाच होलोग्रामचे तुकडे करून प्रत्येकातून स्वतंत्र प्रतिमा काढता येते. दाणे कमी होतात आणि त्याच हिशेबानं बारकावाही कमी होतो.

दाणे हवे असतात तेव्हा

स्पेकल नेहमी घालवायचाच असतो असं नाही. पृष्ठभाग हलला की दाणेही हलतात, म्हणून तेच मोजणीची खूण बनतात. इंग्लंडमधल्या लफबरोला बटर्स आणि लीन्डर्ट्झ यांनी १९७१ मध्ये दाण्यांची दोन चित्रं इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यानं घेऊन एकातून दुसरं वजा करण्याची पद्धत मांडली. ब्रेक डिस्क किंचाळते तेव्हा ती कुठल्या आकारात थरथरते, टायरच्या थरांत हवा कुठे अडकली आहे, हे या कुळातल्या पद्धतींनी दिसतं. अशा ठिकाणी दाणे बुजवणारा फिल्टर आधीच लावला तर मोजण्यासारखं काही उरत नाही. तिथे दाणा पिक्सेलच्या बरोबरीचा किंवा थोडा मोठा राहील असं छिद्र मुद्दाम निवडतात.

कामाचा क्रम

नवा लेसर स्कॅनर घेताना किंवा आहे त्याच्या रीडिंगवर शंका आल्यास प्रश्न या क्रमानं विचारावेत. जॉबचा टॉलरन्स किती? लेन्स, कोन आणि तरंगलांबी यांवरून स्पेकलची मर्यादा किती येते? ती टॉलरन्सच्या दहाव्या हिश्शाच्या आत असेल तर पुढे काही करायची गरज नाही. नसेल तर छिद्र मोठं करता येईल का, कोन वाढवता येईल का, निळा लेसर परवडेल का हे बघावं. मग पृष्ठभागाचा आरए बघून रुंद पट्ट्याचा स्रोत उपयोगी पडेल की दिशा बदलणारा, ते ठरवावं. सायकल टाइममध्ये किती वेळ शिल्लक आहे त्यावरून किती चित्रांची सरासरी शक्य आहे ते काढावं. फिल्टर शेवटी.

विक्रेत्याकडे डेमो मागताना जॉब जागच्या जागी ठेवून घेतलेल्या रीडिंगवर समाधान मानू नये. आपलाच जॉब, आपलाच फिनिश, आणि प्रत्येक रीडिंगआधी थोडा सरकवलेला, असा आग्रह धरावा. भोसरी-तळवड्याच्या छोट्या व्हेंडरला परत आलेला एकेक लॉट जड जातो. त्या लॉटच्या रिपोर्टवर लेसरचा आकडा असेल, तर स्पेकलची मर्यादाही त्याच रिपोर्टवर लिहिलेली असावी. जॉब देणाऱ्यानं ती लिहावी, घेणाऱ्यानं ती मागावी.